पोटात कळ आली, गोळी घ्यायची का? पहिल्यांदाच स्वतः ठरवणाऱ्यांसाठी

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे ऐकू येतं, "ताई, पोटदुखीची एक गोळी द्या." कोणाला हवी, कुठं दुखतंय, कधीपासून, हे सांगायला कोणी थांबत नाही. बाहेर गाडी चालूच ठेवलेली असते. मी विचारायला लागले की समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं, ही काय डॉक्टर आहे का? नाही, डॉक्टर नाही. फार्मसी शिकले आणि बावीस वर्षं तालुक्याच्या गावी औषधं देते. पण 'पोटदुखीची गोळी' नावाची एकच एक गोळी अस्तित्वात नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत निदान चार वेगवेगळी औषधं असतात आणि एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला दवाखान्यात पोचवू शकते.

हा लेख खास करून अशांसाठी, ज्यांच्या उशाशी आता आई-आजी नाही. पुण्यात खोली घेऊन राहणारी मुलं, नवीन संसार मांडलेलं जोडपं, आई-वडिलांचं दुखणंखुपणं पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर घेतलेला मुलगा. रात्री दीडला पोटात गोळा आला तर काय विचारायचं, काय बघायचं, काय घ्यायचं, काय अजिबात घ्यायचं नाही, ते क्रमाने सांगते.

पायरी १: दुखण्याला नाव द्या

याबाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. पोटाच्या दुखण्याला आपल्याकडे इतके शब्द आहेत की अर्धी तपासणी त्या शब्दांतच होते.

कळ म्हणजे जी येते आणि जाते. लाट चढावी तशी चढते, माणूस वाकतो, पोट धरतो, मग दोन-चार मिनिटांनी ओसरते आणि मधल्या वेळात तो बऱ्यापैकी माणसात असतो. मुरडा म्हणजे कळ अधिक संडासची घाई. जाऊन आलं की जरा बरं, पुन्हा तेच. आतड्याच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळतात आणि सैल पडतात, तेव्हाच अन्न पुढं सरकतं. हे आवळणं नको तितकं जोरात झालं की कळ येते. आपण ज्या गोळ्यांबद्दल बोलतोय त्या या स्नायूला सैल करतात. म्हणजे गोळीचं काम फक्त कळ आणि मुरडा यांच्यापुरतं.

जळजळ वेगळी. छातीच्या खालच्या टोकाशी आग, आंबट ढेकर, उपाशीपोटी किंवा तिखट खाल्ल्यावर वाढणारी. तिथं स्नायू आवळलेला नसतो, आम्लाचा त्रास असतो. कळेची गोळी घेऊन ती जाणार नाही, उलट काही गोळ्यांनी वाढेल.

ठणका आणखी वेगळा. एकाच जागी, सतत, वाढत जाणारा, हात लावू न देणारा. कळ आलेला माणूस तळमळतो, कूस बदलतो, येरझाऱ्या घालतो. ठणका लागलेला निपचित पडून राहतो, कारण हललं की जास्त दुखतं. हा फरक डोळ्यांनी दिसतो, त्याला स्टेथोस्कोप लागत नाही. निपचित पडलेल्या माणसाला गोळी देऊ नका, गाडी काढा.

आणि एक प्रश्न हमखास विचारा, स्वतःला सुद्धा: संडास कधी झाली होती? काउंटरवर हा विचारला की लोक ओशाळतात. पण तीन दिवस पोट साफ नसल्याने येणाऱ्या कळा मी इतक्या पाहिल्यात की लाज सोडून विचारते. अशा वेळी आतडं सैल करणारी गोळी दिली तर आतलं आणखी पुढं सरकत नाही. कळ तासभर थांबते आणि बद्धकोष्ठ पक्कं होतं. तिथं पाणी आणि डॉक्टरांना विचारून पोट साफ करणारं औषध लागतं. संडासही नाही, वाराही सरत नाही आणि पोट फुगतंय, असं असेल तर मात्र घरी काहीच करायचं नाही. ते पुढच्या पायरीत येतंच.

पायरी २: या दुखण्याला गोळी नाही

खालचं काहीही असेल तर डबा उघडूच नका. महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका येते.

बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकलं, खोकलं किंवा एका पायावर उडी मारली की तिथं कळ उठते, जेवणावरची वासना गेली, ताप येतोय: अपेंडिक्स असू शकतं. पोट फळीसारखं कडक झालंय. उलटीत रक्त, किंवा संडास डांबरासारखी काळी. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वारा सरत नाही: आतड्यात अडथळा किंवा पीळ. वरच्या पोटातलं दुखणं थेट पाठीत जातंय आणि थांबत नाही: स्वादुपिंडाला सूज असू शकते. डोळे पिवळे दिसतायत. पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात एका बाजूला दुखतंय आणि चक्कर येतेय: गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, तिथं तासांचा हिशोब असतो. वयात येणाऱ्या मुलाच्या ओटीपोटात अचानक जोराचं दुखलं तर त्याला अंडकोषाबद्दल विचारा. मुलं लाजून 'पोट दुखतंय' एवढंच सांगतात आणि अंडकोषाला पीळ पडलेला असतो. तो वाचवायला हाताशी जेमतेम सहा तास असतात.

पन्नाशीच्या पुढच्या माणसाबद्दल, विशेषतः मधुमेह असेल तर, एक सांगते. वरच्या पोटात दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, 'गॅस झालाय' म्हणतायत. तो गॅस नसून हृदय असू शकतं. अशा वेळी मी गोळी देत नाही. ईसीजी काढून या म्हणते. नंतर शिव्या खाल्लेल्याही आहेत. गॅसच निघाला होता. चालतं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंग्यूची साथ असते. ताप येऊन गेलाय किंवा उतरतोय आणि आता पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत: डेंग्यू गंभीर होत असल्याच्या खुणांत ही पोटदुखी मोजली जाते. त्यात मेफेनॅमिक अॅसिडसारखी वेदनाशामक गोळी पोटात गेली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक गैरसमज इथंच दूर करते. 'गोळी घेतली तर डॉक्टरला आजार कळत नाही, म्हणून दुखणं सोसत यायचं' असं जुनी माणसं सांगतात. दवाखान्यात हल्ली तपासणी चालू असतानाच वेदना कमी करायचं औषध देतात, त्याने निदान अडत नाही. पण घरी गोळी घेतल्यावर जरा बरं वाटतं, आपण 'सकाळी बघू' म्हणतो आणि ती सकाळ अपेंडिक्स फुटल्यावर उजाडते.

पायरी ३: कोणती गोळी काय करते

आता खरी कळच आहे, वरच्यापैकी काही नाही, असं धरू.

डायसायक्लोमिन हे आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणारं नाव. आतड्याच्या स्नायूला 'आवळ' असा निरोप पोचवणाऱ्या रसायनाची वाट हे अडवतं. अडचण ही की तोच निरोप लाळग्रंथींना, डोळ्यांच्या बाहुल्यांना, लघवीच्या पिशवीला, घामाच्या ग्रंथींनाही जात असतो आणि औषध तिथंही वाट अडवतं. म्हणून तोंड कोरडं पडतं, जवळचं वाचताना अंधुक दिसतं, छातीत धडधडतं, लघवी अडते. मेंदूतही थोडं पोचतं, म्हणून गुंगी.

हायोसीन ब्युटिलब्रोमाइड त्याच कुळातलं, पण ते रक्तात फार थोडं शिरतं आणि मेंदूत जवळजवळ जातच नाही. गुंगी कमी. हायोसीन मूळचं धोतऱ्याच्या कुळातलं, हे कळल्यावर माझ्या सासूबाई चकित झाल्या होत्या. गावाकडे धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस ज्यांनी पाहिलाय, तोंड सुकलेलं, बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, बडबड चालू, त्यांनी या जातीच्या गोळ्या जास्त झाल्यावर काय होतं ते पाहिलंच आहे. चित्र तेच असतं.

ड्रोटाव्हेरिन वेगळ्या रस्त्याने जातं. ते निरोप अडवत नाही, थेट स्नायूच्या पेशीतच सैल पडण्याची क्रिया वाढवतं. हंगेरीत शोधलेलं हे औषध आपल्याकडे मूतखड्याच्या आणि पित्ताच्या खड्याच्या कळांनाही देतात. तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं हा त्रास यात सहसा नाही, पण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय खूप कमजोर असेल त्यांनी घ्यायचं नाही.

चौथं मेबेव्हेरिन. हे आज दुखलं, आज घेतलं असं औषध नाही. आतड्याच्या जुनाट तक्रारीत डॉक्टर ते काही आठवडे देतात, आणि जेवणाआधी वीस मिनिटं घ्यायला सांगतात.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांसाठी: ब्रिटनमध्ये डायसायक्लोमिनला डायसायक्लोव्हेरिन म्हणतात, आणि ड्रोटाव्हेरिन तिथल्या किंवा अमेरिकेतल्या दुकानात मिळत नाही. नेणार असाल तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका.

पायरी ४: पट्टी उलटी करा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव असतं. ते विसरा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

आपल्याकडच्या बहुतेक 'पोटदुखीच्या' गोळ्यांत एक नाही, दोन औषधं असतात. सायक्लोपामच्या गोळीत डायसायक्लोमिनबरोबर पॅरासिटॅमॉल असतं. मेफ्टल स्पासमध्ये डायसायक्लोमिनबरोबर मेफेनॅमिक अॅसिड. नावात एखादं अक्षर वाढलं की आतला माल बदलतो, म्हणून नावावर भिस्त नको.

याने काय बिघडतं? समजा ताप आहे म्हणून तुम्ही ६५० ची पॅरासिटॅमॉल घेतलीय, पोटासाठी ही घेतली, सर्दीसाठी तिसरी घेतली. तिन्हींत पॅरासिटॅमॉल. तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, आणि वजन कमी, यकृत नाजूक किंवा रोज दारू असेल तर त्याहून बरीच खाली. तीन पट्ट्यांतून ती ओलांडायला एक दिवसही पुरतो.

मेफेनॅमिक अॅसिड हे स्नायू सैल करणारं औषध नाहीच, ते वेदनाशामक आहे. पाळीच्या कळांना ते खरंच चांगलं चालतं, कारण त्या कळांमागच्या रसायनावरच ते घाव घालतं. पण पोटात अल्सर असेल, मूत्रपिंड अधू असेल, वेदनाशामकांनी दमा उठत असेल, गरोदर असाल, तर ते नको. घ्यायचं ते जेवणानंतर आणि दोन-तीन दिवसांपुरतं. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक अॅसिडबद्दल इशाराही दिला होता. क्वचित एखाद्याला अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा असा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि तो औषध सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनीसुद्धा दिसतो. तेव्हा महिन्यापूर्वी पाळीत घेतलेली गोळी कोणाला आठवतही नसते. अंगावर पुरळ आणि ताप घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा मागच्या दोन महिन्यांत काय काय घेतलं ते सांगा.

तिसरा प्रकार म्हणजे डायसायक्लोमिनबरोबर ट्रामाडॉल असलेल्या कॅप्सूल. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं, सवय लावणारं औषध आहे आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. कोणी 'ही स्ट्राँग आहे, लगेच थांबेल' म्हणून चिठ्ठीशिवाय अशी कॅप्सूल हातावर ठेवली तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

पट्टीवर लाल उभी रेघ दिसली तर ते औषध कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं. डायसायक्लोमिन त्यातच येतं. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. निदान एवढं करा: तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा, बरे असताना, विचारून ठेवा की मला अशी कळ आली तर कोणतं औषध, किती, चालेल. त्यांच्या हातची चिठ्ठी फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

पायरी ५: ती तुम्हाला चालते का

इथं माझ्याच घरची गोष्ट सांगते. वडील तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. दिवाळीचा चौथा दिवस, फराळ जरा अंगावर आलेला, रात्री पोटात कळा. आईला आधी कधीतरी दिलेली पट्टी कपाटात होती. 'पोटाचीच तर आहे' म्हणून एक घेतली, तासाने आणखी एक. कळ थांबली. पहाटे चारला मला उठवलं, लघवीच होत नाही म्हणून. ओटीपोट टणक, माणूस घामाघूम. नळी घातल्यावर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता, उठून उठून लघवीला जात होते, पण 'वयोमानाने होतं' म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. घरात फार्मासिस्ट लेक असताना हे झालं.

तर वयस्कर पुरुषाला विचारा, लघवीची धार कशी आहे, रात्री किती वेळा उठता. उत्तर घोटाळ्याचं वाटलं तर डायसायक्लोमिन आणि हायोसीन दोन्ही बाजूला ठेवा.

डोळ्याचंही विचारा. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत लोक गल्लत करतात. मोतीबिंदूला या गोळ्यांनी फरक पडत नाही. काचबिंदूचे काही प्रकार असे आहेत की बाहुली मोठी झाली की डोळ्यातला दाब अचानक चढतो, आणि ही औषधं बाहुली मोठी करतात. 'डोळ्यात रोज थेंब घालतो' असं कोणी म्हटलं की कसले थेंब ते बघा.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार असेल, आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा असतील, तरी नको. गरोदर बाईने विचारल्याशिवाय काहीच नको, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने डायसायक्लोमिन टाळायचं.

सोबत काय चालू आहे तेही बघा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा मज्जातंतूच्या दुखण्यासाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन, घाटातल्या उलटीवरच्या काही गोळ्या, ही सगळी तोंड कोरडं पाडणारी औषधं आहेत. त्यांच्यावर डायसायक्लोमिन चढलं की परिणामांची बेरीज होते आणि म्हातारी माणसं गोंधळल्यासारखी बोलायला लागतात. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर ड्रोटाव्हेरिन त्याचा गुण कमी करतं. आम्लपित्ताचं पातळ औषध आणि डायसायक्लोमिन एकदम घेऊ नका, पहिल्यामुळे दुसरं नीट शोषलं जात नाही. दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. दारू नको.

आणि ऊन. याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. डायसायक्लोमिनने घाम कमी येतो, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढं असताना घाम हेच शरीराचं कूलर असतं. शेतात, बांधकामावर, डिलिव्हरीच्या गाडीवर दिवसभर असाल तर ही गोळी घेऊन उन्हात जाऊ नका. उष्माघाताला आमंत्रण आहे ते. गाडी आणि यंत्र चालवण्याचंही तेच, डोळ्यापुढं अंधुक येतं आणि गुंगी असते. निदान पहिल्या वेळी तरी गोळी अंगाला कशी लागते हे घरात बसून बघा.

पायरी ६: घेताना

एका वेळी एकच प्रकार. ड्रोटाव्हेरिनने अर्ध्या तासात फरक नाही म्हणून वर डायसायक्लोमिन, असं करायचं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा तीच घ्यायची. अंदाज यावा म्हणून मोठ्या माणसाला सहसा लिहून दिली जाणारी मात्रा सांगते: डायसायक्लोमिन १० ते २० मिलिग्रॅम, हायोसीन ब्युटिलब्रोमाइड १० ते २० मिलिग्रॅम, ड्रोटाव्हेरिन ४० ते ८० मिलिग्रॅम. दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा. दोन मात्रांत सहा ते आठ तासांचं अंतर. पासष्टीच्या पुढं कमीत कमी मात्रा, तीही विचारून. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार बंद करा. त्यांची मात्रा वजनावर ठरते.

ग्लासभर पाण्याबरोबर अख्खी गिळा. घेतलेली वेळ लिहून ठेवा, फोनवर, कॅलेंडरवर, कुठंही. रात्री दुखण्यात वेळेचा अंदाज चुकतो, माझ्या वडिलांची दुसरी गोळी तशीच गेली.

मग तासभर थांबा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पोटावर ठेवा, तिने स्नायू खरंच सैल पडतो. पण ताप असेल किंवा पोट कडक असेल तर शेकत बसू नका. ओवा-मीठ चावून कोमट पाणी प्यायला माझी हरकत नाही, मीही घेते. हिंग-ताकालाही नाही, जुलाब आणि उलट्या नसतील तर.

तासाने कळ निवली आणि परत आली नाही तर दुसरी गोळी घ्यायची गरज नाही. कोर्स पूर्ण करायचा हा नियम अँटिबायोटिकचा. कमी झाली, पण सहा-आठ तासांनी परत आली, तर आणखी एक घेता येईल; मात्र आधी पायरी २ पुन्हा वाचा. दुखण्याची जागा सरकलीय का? ताप आलाय का? तासाभरात तिळमात्र फरक नाही, किंवा दुखणं चढतंय, तर गोळीचं काम संपलं. एक दिवस उलटूनही कळा चालूच असतील तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

घेतल्यावर तोंड कोरडं पडलं तर पाणी प्या, घाबरू नका. पण लघवी होत नाही, डोळा लाल होऊन दुखतोय, नजरेपुढं वलयं दिसतायत, छातीत जोरात धडधडतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, ओठ-चेहरा सुजलाय, अंगावर गांधी उठल्यात: यातलं काहीही झालं तर पट्टी खिशात घालून लगेच दवाखाना. बरं वाटल्यावर अशा त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर करता येते. नोंदवायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही.

जुलाबाबरोबर मुरडा असेल तर

इथं गोळीपेक्षा पाणी महत्त्वाचं. ओआरएसची पाकिटं २०० मिलिलिटरची वेगळी आणि एक लिटरची वेगळी असतात, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. 'जरा दाट करू' म्हणून कमी पाण्यात घातलं तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. चवीला अश्रूंहून खारट लागलं तर ओतून द्या, पुन्हा करा.

रक्त किंवा आव पडतेय आणि ताप आहे, तर आतडं सैल करणारी किंवा जुलाब बांधणारी कोणतीच गोळी स्वतःहून नको. आतड्यातली घाण बाहेर पडायला बघतेय, तिला आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. लग्नाच्या जेवणानंतर, जत्रेनंतर, वारीच्या वाटेवर हे फार होतं. 'निघायचंय, काहीतरी बांधून टाकणारं द्या' असं सांगत लोक येतात. मी ओआरएस हातावर ठेवते आणि डॉक्टरांकडे पाठवते.

तान्ह्या बाळाला

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायसायक्लोमिन नाही. थेंबांच्या बाटलीवर गोंडस बाळाचं चित्र असलं तरी नाही. इतक्या लहान वयात त्याने श्वास अडखळल्याच्या, झटके आल्याच्या घटना घडल्या आहेत. पोटदुखीचे थेंब म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत ते असतं, काहींत फक्त सिमेथिकोन, म्हणजे गॅसचे बुडबुडे फोडणारं औषध, किंवा बाळंतशेपेचं तेल असतं. बाटल्या दिसायला सारख्या. मागचं वाचल्याशिवाय घेऊ नका, शेजारणीच्या बाळाला लागू पडलेली बाटली मागू नका.

दोन-तीन आठवड्यांचं झाल्यावर संध्याकाळी ठरावीक वेळी रडणारं, एरवी अंगावर नीट पिणारं, वजन वाढणारं बाळ साधारण तीन-चार महिन्यांत आपोआप शांत होतं. तोवर ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन फिरणं आणि घरातल्या सगळ्यांनी पाळी लावून झोपणं. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायचं असेल तर बाहेरून, पोटात नाही. घुटीही नको.

पण बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी ओढतंय, मध्येच गळून गेल्यासारखं पडतंय, उलट्या करतंय, किंवा लाल जेलीसारखी शी झाली, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा.

वारंवार होत असेल तर

महिन्यातून चार वेळा तीच पट्टी विकत घेणारी माणसं मला चेहऱ्याने पाठ आहेत. परीक्षा आली की मुरडा, प्रवास ठरला की मुरडा, संडासला जाऊन आलं की बरं. आतड्याचा हा चिडखोर स्वभाव खरा आहे, मनाचे खेळ नव्हेत, आणि त्यावर उपचार आहेत. पण ते नाव स्वतःच स्वतःला द्यायचं नाही. वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागतंय, संडासवाटे रक्त जातंय, अंगात रक्त कमी आहे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदललीय, तर आधी तपासण्या. आतड्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे, कर्करोगही. दोन आठवडे वही ठेवा: काय खाल्लं, कधी दुखलं, संडास कशी झाली, पाळीचा कितवा दिवस. डॉक्टरांच्या टेबलावर ती वही मोठ्या फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

शेवटी, कात्री

दोन गोळ्या मागितल्या की आम्ही पट्टीला कात्री लावतो. त्यात नाव एका तुकड्यावर जातं, मुदत दुसऱ्या. घरी चार महिन्यांनी डब्यात सापडतो तो नुसता चंदेरी चौकोन, आत पांढरी गोळी. ती पोटाची, रक्तदाबाची की झोपेची, हे मलाही सांगता येत नाही, आणि लोक तो चौकोन घेऊन माझ्याकडेच येतात. तेव्हा दुकानदाराने कात्री उचलली की म्हणा, आधी फोटो काढू द्या. दोन्ही बाजूंचा. नाव, आतली औषधं, मुदत दिसली पाहिजे. मग गोळ्या छोट्या पाकिटात घाला आणि त्यावर पेनने लिहा: काय आहे, कोणासाठी आणली, कोणत्या महिन्यात. ज्या चौकोनावर काहीच लिहिलेलं नाही त्यातल्या गोळ्या काढून, वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, पिशवी बांधून कचऱ्यात.